फळ्याची वरची ओळ



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या शाळेत मी आधी विद्यार्थिनी होते आणि पुढे ३४ वर्षं विज्ञान शिकवत होते. सर रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी दर्शनी फळ्यावर सुविचार लिहीत. अगदी वरच्या ओळीत वार आणि दिनांक, त्याखाली ठळक अक्षरांत सुविचार. ते अक्षर पुसायचं शिपायाच्याही जिवावर येई. निवृत्तीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत मात्र सरांचं अक्षर फळ्यावरून खाली खाली सरकत गेलं. वरच्या ओळीत दिनांक लिहायला ते दहावीतल्या एखाद्या उंच मुलाला हाक मारू लागले. आम्ही शिक्षक रोज ते पाहत होतो. "सरांचा खांदा धरलाय," एवढं म्हणून आपापल्या वर्गावर जात होतो. त्यांना नेमकं काय झालं होतं हे आज सांगता येणार नाही, कारण ते कधी नीट तपासलंच गेलं नाही. मीही त्यांना कधी विचारलं नाही, आणि ती रुखरुख माझ्या मनातून गेलेली नाही. आजचा विषय त्या रुखरुखीतून निघाला आहे.

गेल्या ६ वर्षांत माझ्या दोन्ही खांद्यांची शस्त्रक्रिया झाली. दोन्हीकडे रोटेटर कफ फाटला होता. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगायचा अधिकार माझा नाही. पण जे माझ्या शरीरात घडलं ते समजून घेण्यासाठी मी वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारले, वहीत नोंदी ठेवल्या. त्यातलं जे तुमच्या उपयोगी पडेल ते आज तुमच्यासमोर ठेवते.

सुरुवात झाली ती अंबाड्यापासून. निवृत्तीनंतरच्या वर्षी एका सकाळी केस वर घेताना उजवा हात कानापाशी अडला. मग मांडणीवरचा डबा काढताना कळ येऊ लागली, वाळत घातलेली चादर झटकता येईना. सगळ्यात वाईट रात्र. त्या कुशीवर वळलं की झोप उडायची. एका दवाखान्यात मला सांगितलं गेलं की खांदा आखडला आहे, वयानं होतं, मधुमेह असला की जास्त होतं. मला मधुमेह आहे, त्यामुळे ते पटलंही. पुढचे ८ महिने नारायण तेल, शेक, दाराला बांधलेली कप्पी आणि दोरी, खांद्यात दोन इंजेक्शनं. कप्पीवर मी हट्टानं जोर लावत राहिले. हात वर जाणं मात्र महिन्यागणिक कमीच होत गेलं.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी एक साधी गोष्ट केली. मला हात सैल सोडायला सांगून त्यांनी स्वतः तो उचलला. हात सरळ कानापर्यंत गेला. मी थक्क झाले. मग त्यांनी हात आडव्या रेषेत आणला आणि म्हणाले, "आता मी सोडतो, तुम्ही धरून ठेवा." त्यांनी सोडला आणि हात माझ्या देखत खाली पडला. ते म्हणाले, "बाई, आखडलेला खांदा मलाही उचलता आला नसता. तुमचा सांधा मोकळा आहे. त्याला ओढणारी दोरी तुटली आहे."

मित्रहो, एवढं एक वाक्य आपण घरी घेऊन जा. खांदा खरोखर आखडला असेल तर तुम्ही उचला की दुसऱ्यानं उचला, तो एका जागी अडतो. कफ फाटला असेल तर दुसऱ्यानं उचललेला हात बहुधा वर जातो, स्वतःच्या बळावर जात नाही. दोन्ही दुखणी एकाच माणसात एकत्र असू शकतात, म्हणून शेवटचा निर्णय डॉक्टरांच्या तपासणीचा आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयचा. पण "खांदा धरलाय" हे दोन शब्द म्हणजे निदान नव्हे. या दोन शब्दांत माझे ८ महिने गेले.

आता ही दोरी म्हणजे काय, ते पाहू. शाळेच्या पुस्तकात आपण खांद्याला उखळीचा सांधा म्हणतो. कंबरेचा सांधा खरोखर उखळीसारखा खोल आहे. खांद्याची उखळ मात्र बशीइतकी उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि त्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा एका वेळी त्या बशीला टेकलेला असतो. म्हणूनच आपला हात पाठीमागे, डोक्यावर, छातीपलीकडे असा चौफेर फिरतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे गोळा बशीवरून घसरण्याची कायमची भीती. ती भीती चार स्नायू सांभाळतात. पाठीवरच्या पसरट हाडाला जुनी माणसं फरा म्हणतात. त्या फऱ्यावरून हे चौघे निघतात: वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, पुढून सबस्कॅप्युलॅरिस. त्यांच्या टोकाच्या कंडरा एकमेकींत मिसळून दंडाच्या गोळ्याला बाहीच्या पट्टीसारख्या वेढतात. ही पट्टी म्हणजे रोटेटर कफ.

आमच्या वर्गात तरफेचा धडा असायचा. टेकू, बल आणि भार. माझ्यासारख्या ६० किलो वजनाच्या बाईचा एक हात साधारण ३ किलोचा. हात आडवा धरला की त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. स्नायू मात्र ओढतात ते सांध्याच्या मध्यापासून अवघ्या ३ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ३ किलोचा नुसता रिकामा हात पेलायला स्नायूंना ३० किलोची ओढ द्यावी लागते. हातात १ किलो साखरेचा डबा घेतलात तर त्यात आणखी २० किलोची भर. हा ढोबळ हिशेब आहे, पण वरच्या फळीवरचा डबा खांद्याला काय भावात पडतो ते त्यावरून कळतं.

खांद्याच्या बाहेरून जो गोल, जाड स्नायू दिसतो, तो डेल्टॉइड. हात उचलायची मोठी ताकद त्याची. पण हात अंगालगत असताना तो गोळ्याला सरळ वरच ओढतो, आणि वर हाडाचं छत आहे. मधली फट सुमारे १ सेंटिमीटरची. कफचे स्नायू त्याच क्षणी गोळ्याला बशीत दाबून धरतात, खाली खेचतात, आणि मगच वरची ओढ फिरण्यात बदलते. विज्ञानाच्या भाषेत हे बलयुग्म. मी ३४ वर्षं मुलांना बलयुग्माचं उदाहरण म्हणून पाण्याच्या नळाची चावी सांगत आले. फळ्यावर लिहिताना माझ्याच खांद्यात ते चाललं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

कफ फाटतो दोन तऱ्हांनी. एक, पडल्यामुळे किंवा जड वस्तूच्या हिसक्यानं एका क्षणात. दुसरी तऱ्हा सावकाश. सुप्रास्पायनेटसची कंडरा हाडाला जिथे चिकटते त्याच्या जवळच्या भागाचा रक्तपुरवठा बेताचा असतो. वय वाढतं तसे तिचे तंतू विरतात, जुन्या धोतराला जसा विरलेला भाग दिसतो तसे. छताला रंग देणारा रंगारी, गिलावा करणारा गवंडी, हात सतत खांद्याच्या वर ठेवून काम करणारी सगळीच माणसं यात लवकर सापडतात. विडी-सिगारेटचं व्यसन आणि मधुमेह या दोन्हींमुळे झीज भरून यायला अडथळा होतो.

एमआरआयमध्ये माझ्या उजव्या खांद्याची कंडरा आरपार फाटलेली दिसली, सुमारे अडीच सेंटिमीटर. डॉक्टर म्हणाले, "डाव्या खांद्याचीही सोनोग्राफी करून घेऊ." मी म्हटलं, डावा दुखत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच." डाव्यातही फाटलं होतं. आकारानं लहान, आणि पूर्ण गप्प.

या गप्प फाटण्याबद्दल अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या डॉक्टरांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच खांद्याच्या दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या ५८८ जणांचे त्यांनी दोन्ही खांदे सोनोग्राफीवर पाहिले. २१२ जणांचे दोन्ही कफ शाबूत होते, त्यांचं सरासरी वय ४८.७. १९९ जणांचा एकच फाटलेला, सरासरी वय ५८.७. आणि १७७ जणांचे दोन्ही फाटलेले, सरासरी वय ६७.८. दहा-दहा वर्षांच्या पायऱ्या असाव्यात तशी ही मांडणी आहे. यातून दोन गोष्टी कळतात. एक, उतारवयातलं हे फाटणं केसांच्या पांढरेपणाशी नातं सांगणारं आहे, एका बाजूला आलं की दुसरीकडे लक्ष ठेवावं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: फाटलेला प्रत्येक खांदा दुखतोच असं नाही. म्हणून नुसत्या एमआरआयच्या कागदावरून कुणी शस्त्रक्रियेला घाई करू नये.

याच मुद्द्यावर थोडं थांबते, कारण मी शस्त्रक्रियेची जाहिरात करायला आलेली नाही. आपोआप, झिजून फाटलेल्या कफच्या ४५२ रुग्णांना आधी शिस्तीत फिजिओथेरपी देऊन पाहण्याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत त्यातल्या पाव हिश्श्याहून कमी लोकांना शस्त्रक्रिया करून घ्यावीशी वाटली. म्हणजे उरलेले कफ आणि डेल्टॉइडचा समतोल व्यायामानं सुधारला की अनेकांचं भागतं. उलट, पडून एकदम फाटलेला कफ, विशेषतः धडधाकट, कामकरी माणसाचा, वेळेत शिवला तर बरं. उशीर झाला की स्नायू आखडत जातो आणि त्यात चरबी शिरते, मग तो ओढून जागेवर आणणं अवघड होतं. माझ्या बाबतीत व्यायामाची संधी दिली गेली होती, रात्रीची झोप गेली होती, आणि स्नायू अजून चांगला होता. म्हणून उजवा खांदा शिवायचं ठरलं.

इथे एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. खांदा समजून घेता घेता मला तो भेटला, आणि आजच्या व्याख्यानाचं सार त्याच्यापाशी आहे. खांद्याची दुखापत हात जखडून टाकते, हे आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही नोंदलेलं आहे. अंस नावाच्या मर्माला इजा झाली तर हात ताठरतो, असं तिच्या शारीरस्थानात आहे. पण फाटलेली कंडरा हाडाला परत शिवण्याची वाट ज्यांनी घालून दिली त्यांत अग्रभागी नाव येतं अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांचं. जन्म १८६९, गाव बोस्टन. सुप्रास्पायनेटस शिवून बऱ्या झालेल्या दोन रुग्णांची हकीकत त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केली. खांद्यावरचं त्यांचं मोठं पुस्तक १९३४ साली आलं, तेही स्वतःच्या खर्चानं. आज आपण ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतो ते नाव त्याच पुस्तकानं रूढ केलं.

पण कॉडमन यांचा खरा ध्यास वेगळा होता. विद्यार्थी असताना, १८९४ साली, त्यांनी आणि त्यांचे वर्गमित्र हार्वी कुशिंग यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर टिपत राहायची पद्धत सुरू केली. पुढे शल्यचिकित्सक झाल्यावर ते म्हणू लागले की प्रत्येक रुग्णालयानं प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवावं. काय दुखत होतं, काय केलं, आणि एक वर्षानंतर तो माणूस कसा आहे. उपचार फसला असेल तर का फसला, तेही लिहावं आणि जाहीर करावं. याला ते अंतिम निष्पत्तीची कल्पना म्हणत. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बढती ज्येष्ठतेनं मिळे. निष्पत्ती पाहून मिळावी, असा आग्रह धरून त्यांनी १९१४ साली तिथला राजीनामा दिला. पुढच्या वर्षी वैद्यकांच्या भरसभेत त्यांनी एक व्यंगचित्र उघडलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी देतो आहे आणि ती वेचणारे खरं काय ते पाहायला तयार नाहीत, असं ते चित्र होतं. वैद्यकवर्गानं त्यांना दूर लोटलं. त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय चालवलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या आपल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून लोकांपुढे ठेवला. त्यात १२३ चुका त्यांनी स्वतःहून मांडल्या. १९४० साली ते गेले. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीतल्या त्यांच्या जागेवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ साली बसवला गेला.

मित्रहो, चूक लिहून ठेवणारा डॉक्टर आणि उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं खूण करणारा शिक्षक, दोघांचं काम एकाच जातीचं आहे. माझ्या मनात या माणसाविषयी फार आदर आहे.

आता शस्त्रक्रियेकडे येते. कॉडमन खांदा उघडून शिवत. आज बहुतेक ठिकाणी ती दुर्बिणीतून होते. सांध्याच्या आत नळीतून पाहण्याची सुरुवात जपानमध्ये झाली. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, आणि पुढे त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५०च्या दशकात त्यातून वापरण्याजोगी दुर्बीण घडवली. माझ्या खांद्यात गेलेली दुर्बीण पेन्सिलहून बारीक होती. मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर केल्या आणि वरून पूर्ण भूल दिली. खांद्याला चार छोटी भोकं. सांध्यात खाऱ्या पाण्याचा प्रवाह सोडून जागा फुगवतात, म्हणजे आतलं स्वच्छ दिसतं. फाटलेल्या कंडरेच्या कडा मोकळ्या करून तिची मूळ जागा, म्हणजे दंडाच्या हाडाचा उंचवटा, खरवडून ताजा करतात. मग त्या हाडात अँकर बसवतात. भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रू पिळतात ना, तसंच. प्रत्येक अँकरला मजबूत धागे असतात. ते धागे कंडरेतून ओवून गाठ मारली की कंडरा हाडाला टेकते.

डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं, "धागा फक्त धरून ठेवतो. चिकटवायचं काम तुमच्या शरीराचं, आणि त्याला आम्ही घाई करू शकत नाही." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे. हाड आणि कंडरा यांच्यामध्ये जन्मतः जी बारीक वीण असते ती पुन्हा तशीच कधी विणली जात नाही. तिथे व्रणाचा जोड तयार होतो. तो धरायला आठवडे लागतात, घट्ट व्हायला महिने. पुन्हा फाटण्याचा धोका या पहिल्या महिन्यांतच सगळ्यात जास्त.

दोन्ही खांदे एकदमच का करत नाहीत, असं मला अनेकांनी विचारलं. क्षणभर कल्पना करा: दोन्ही हात झोळीत. पाणी कोण पाजणार, अंघोळ कोण घालणार, शौचाला गेल्यावर काय करणार? तोल गेला तर सावरायला हातच नाही. म्हणून अगदी अपवाद सोडला तर एक खांदा पुरता कामाला लागल्याशिवाय दुसरा करत नाहीत. तरीही एका गोष्टीचा मला अंदाज नव्हता. पालखीचे खांदेकरी थकले की खांदा बदलतात. माझं उजवं अंग ६ आठवडे झोळीत असताना सगळा भार डाव्या अंगावर आला. स्वयंपाक, अंथरुणातून उठणं, जिन्याचा कठडा धरणं, सगळं त्याच्यावर. तिथली आजवर गप्प असलेली फट तेव्हा बोलू लागली. ज्यांचे दोन्ही खांदे नाजूक आहेत त्यांनी पहिल्या शस्त्रक्रियेआधीच घरची मदत ठरवून ठेवावी. चांगल्या खांद्याला जपणं हाही उपचारच आहे.

त्या ६ आठवड्यांची हकीकत स्त्रियांसाठी मुद्दाम सांगते, कारण ती कागदावर छापून मिळत नाही. साडी नेसता येत नाही. पुढून बटणं असलेले गाऊन आधीच शिवून घ्या. आडवं झोपवत नाही, तेव्हा पाठीशी उशा लावून आरामखुर्चीत झोपायची तयारी ठेवा. उजव्या हाताचे असाल तर डाव्या हातानं चमच्यानं जेवायचा सराव आधी करा. मला पानावर डावा हात नेताना पहिले चार दिवस फार संकोच वाटला. माझी धाकटी बहीण साताऱ्याहून येऊन राहिली. ती रोज माझी वेणी घालायची आणि काखेत ओला कपडा हलकेच फिरवून पुसायची. लहानपणी मी तिची वेणी घालत असे. ज्यांना अशी बहीण नाही त्यांचं काय होत असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या मनात आहे.

व्यायामाचा पहिला दिवस मला आजही आठवतो. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "मावशी, टेबलाला डावा हात टेकून वाका आणि उजवा हात लोंबता सोडा. हात हलवायचा नाही. अंग हलकेच झुलवा, हात आपोआप झुलेल." म्हणजे लंबक! ज्या लंबकाचा दोलनकाल मी तीसेक वर्षं मुलांकडून मोजून घेतला, तो माझाच हात झाला होता. या व्यायामाला कॉडमनचा व्यायाम म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्यातलं तत्त्व सोपं आहे. स्नायूनं ओढायचं नाही, म्हणजे टाक्यावर ताण येत नाही. सांधा मात्र हलता राहतो, म्हणजे आखडत नाही. विश्रांती आणि हालचाल यांची अशी सांगड घालणारा दुसरा इतका साधा व्यायाम मी पाहिलेला नाही.

सहा आठवड्यांनी झोळी सुटली. मग काठीच्या आधारानं हात वर नेणं, मग आधाराशिवाय. ताकदीचे व्यायाम, रबरी पट्टा ओढणं, हे १२ आठवड्यांनंतर. चौथ्या महिन्यात मी अंबाडा घातला. डबा काढायला आठवा महिना उजाडला. याच टप्प्यावर माणसं घसरतात. दुखणं थांबलेलं असतं आणि आतला जोड कच्चा असतो. बरं वाटणं आणि बरं होणं यांच्यात खांद्याच्या बाबतीत काही महिन्यांचं अंतर आहे. पाण्याची भरलेली बादली, गाडीत वर ठेवायची बॅग, नातवाला उचलून घेणं, या तीन मोहांपासून ते काही महिने दूर राहा.

डावा खांदा उजव्यानंतर ११ महिन्यांनी झाला. तोवर तिथली फट वाढली होती. तेच डॉक्टर, तीच पद्धत, तीच मी, आणि या वेळी अनुभवही गाठीशी. व्यायामात मी एक दिवस चुकवला नाही. वर्षानं मी स्वतःहून सोनोग्राफी करून घेतली. उजव्याची कंडरा अखंड होती. डाव्याची काही भागात पुन्हा सुटलेली होती.

त्या दिवशी मी फार खचले. मग डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" नाही. "झोप लागते का?" लागते. "हात कुठवर जातो?" मी उचलून दाखवला. कानापर्यंत. थोडी ताकद कमी होती, एवढंच. त्यांनी मला २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मोठ्या आकाराचे फाटलेले कफ दुर्बिणीतून शिवलेल्या १८ रुग्णांची वर्षानंतर सोनोग्राफी केली तर १७ जणांची शिवण पुन्हा सुटलेली आढळली, तरी बहुतेकांचं दुखणं आणि हाताचं काम पुष्कळ सुधारलेलं होतं. त्याच रुग्णांना पुढच्या वर्षी पुन्हा तपासलं तेव्हा त्या सुधारणेत थोडी घट दिसली. मला या अभ्यासातलं धाडस मोलाचं वाटतं. १८ पैकी १७ हा आकडा कुणालाही झाकून ठेवावासा वाटेल. तो त्यांनी छापला, म्हणून पुढच्यांना अँकर, धागे, टाके यांवर अधिक विचार करता आला, आणि म्हणून माझ्यासारखीला रडू आवरता आलं.

हीच कॉडमनची वाट. २०१८ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी याच वाटेनं आणखी एक कठीण प्रश्न विचारला. कफ पूर्ण फाटलेला नाही, पण वरच्या छतापाशी घासून खांदा दुखतो, अशा रुग्णांचं ते हाड दुर्बिणीतून खरवडायची शस्त्रक्रिया जगभर लाखोंनी होत होती. ३१३ रुग्णांचे चिठ्ठी टाकून गट केले. काहींचं हाड खरवडलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून काढली. या दोन गटांत रुग्णाला जाणवेल असा फरक आढळला नाही. आपल्याच व्यवसायाच्या एका रूढ शस्त्रक्रियेविरुद्ध जाणारा निकाल डॉक्टरांनी स्वतः काढला आणि जाहीर केला. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला याहून मोठा आनंद नाही.

आणि आता माझी तक्रार. माझा उजवा खांदा जिथे शिवला त्या रुग्णालयानं टाके काढायची तारीख कार्डावर लिहून दिली. डॉक्टर बदलून दुसऱ्या गावी गेले, मीच त्यांना शोधून तिथे जात राहिले. त्या रुग्णालयातून वर्षानंतर, दोन वर्षांनंतर, आजपर्यंत मला एकदाही विचारलं गेलं नाही की बाई, हात कुठवर जातो. माझ्या दाराला कप्पी बांधायला सांगणाऱ्या दवाखान्यालाही ठाऊक नाही की त्यांचं निदान चुकलं होतं. तिथे वाईट माणसं होती, असं मी म्हणत नाही. पण ज्याला आपली चूक कळतच नाही, तो उद्या दुसऱ्या बाईलाही तेच सांगणार. त्यांना कळवायला मी स्वतः गेले नाही, ही चूक माझीही. या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिणार आहे.

कॉडमन यांच्या काळी कार्ड लिहायला कारकून लागत असे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला वर्षानं एक फोन करून तीन प्रश्न विचारायचे: दुखतं का, झोप लागते का, हात कुठवर जातो? उत्तरं वहीत लिहायची आणि वर्षाअखेर ती वही सगळ्यांनी मिळून वाचायची. याला पैसा फारसा लागत नाही. सभागृहात बसलेल्या डॉक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, आपल्या गावातल्या एका तरी रुग्णालयात हे सुरू करा. आणि रुग्ण म्हणून आपलंही कर्तव्य आहे. स्वतःची वही ठेवा. व्यायामाचा दिवस, दुखण्याचा दिवस, पहिल्यांदा केस बांधल्याचा दिवस लिहा. बरं वाटलं की डॉक्टरांना विसरू नका, जाऊन सांगा. बरं वाटलं नाही तरी जाऊन सांगा.

आज सकाळी मी शाळेत गेले होते. दर्शनी फळा तोच आहे. हेडबाईंची परवानगी घेऊन मी खडू घेतला आणि उजव्या हातानं वरच्या ओळीत वार आणि दिनांक लिहिला. मग खडू डाव्या हातात घेतला आणि त्याच ओळीला टोक टेकवून पाहिलं. टेकलं.

सरांचा हात त्या ओळीपर्यंत का जात नव्हता, हे विचारायची वेळ माझ्या हातून निघून गेली. तुमच्या घरात, शेजारी, कचेरीत असा एखादा हात असेल. खालच्या फळीवर डबे ठेवू लागलेली आई असेल, शर्ट घालताना थांबणारे वडील असतील, वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेला मित्र असेल. आज घरी गेल्यावर त्यांना विचारा, हात कुठवर जातो?